तायडे सरांचा कागद

माझ्याकडून एक खोटं बोललं गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. बोललं गेलं! जसा काही मी बाजूला उभा होतो आणि तोंड आपलं आपण चाललं. खरी गोष्ट अशी की मी खोटं बोललो, समजून बोललो आणि दोनदा बोललो. एकदा माझ्या मुलीशी, एकदा तायडे सरांशी. दोन्ही वेळा फार काही बोललोही नाही. मुलीला म्हणालो, "जमेल." सरांना म्हणालो, "हो." या दोन शब्दांनी काय झालं ते कळायला आधी तायडे सर कसे होते ते सांगावं लागेल. होते म्हणतो, पण आहेत. इथेच मंगरूळपीरला, माझ्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. तरी लिहिताना 'होते' असंच येतं. का येतं ते मला नीट सांगता येत नाही.

सर मूळ आसेगावचे. सैन्याच्या बँडमध्ये होते, क्लॅरिनेट वाजवायचे. पाच रेघांवर लिहिलेलं संगीत वाचायला तिथे शिकले आणि अधिकाऱ्यांच्या मेसमधला पियानो पुसता पुसता पियानो शिकले. "तुमचे गुरू कोण?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "फडकं." निवृत्त होऊन इकडे मंगरूळपीरला आले तेव्हा बरोबरीच्या लोकांनी शेत घेतलं, कोणी पिठाची गिरणी टाकली. सरांनी कामठीकडच्या एका रिकाम्या होणाऱ्या बंगल्यातून जुना उभा पियानो आणला.

तो आणण्याची गोष्ट गावात अजून सांगतात. सरांनी सुतळीला गाठी मारून पियानोची लांबी, रुंदी, उंची घेतली होती. मग त्या सुतळीनं वेशीपासून घरापर्यंतची प्रत्येक गल्ली मोजली, वळणं मोजली, दाराची चौकट मोजली, उंबरा मोजला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात उभ्या राहून पाहत होत्या. सगळं बसत होतं. ठरल्या दिवशी सरकीच्या पोत्यांवर निजवलेला पियानो टेम्पोतून आला आणि गल्लीच्या तोंडाशी थांबला. पुढे आदल्या संध्याकाळी कोणीतरी लग्नाचा मांडव घातला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पियानो तीन दिवस त्या मांडवात राहिला. वऱ्हाडी मंडळींनी त्यावर बुंदीच्या पराती ठेवल्या, नवरदेवाच्या मामानं पाय लांब करून त्याला टेकून झोप काढली. चौथ्या दिवशी मांडव सुटला आणि पियानो सुतळीच्या मापानं, बोटभर इकडे ना तिकडे, घरात गेला.

"आपला अंदाज बरोबर होता," सर सांगायचे, "फक्त मांडव धरला नव्हता."

वऱ्हाडातलं ऊन पियानोला सोसत नाही. लाकूड उलतं, तारा उतरतात. म्हणून सर मे महिन्यात पियानोच्या पोटाशी पाण्याची बादली ठेवायचे आणि पावसाळ्यात आतमध्ये एक लहानसा दिवा लावून ठेवायचे. दिवसाआड बादलीतलं पाणी कमी झालेलं शेजारणींना दिसायचं. "मास्तरचा बाजा पाणी पेते," असं गल्लीत ठरून गेलं. उंदरांसाठी डांबरगोळ्या होत्या, त्यामुळे सरांकडून शिकून आलेल्या मुलांच्या कपड्यांना डांबरगोळीचा वास यायचा. माझ्या मयूरीच्या दप्तरालाही यायचा.

मोजून मापून पाहिल्याशिवाय सर कशालाच हात घालत नसत. कपाट हलवायचं असलं तर आधी रिकाम्या हातानं जिना चढून उतरायचे. पंगतीत बसले की वाढपी कुठून येतो, भाजी कितव्या पानापाशी संपेल, हे सांगायचे आणि बहुतेक वेळा ती तिथेच संपायची. काकू त्यांना यावरून कायम टोमणे मारायच्या. एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "सगळ्या दुनियेचा अंदाज करते हा मानूस, पन माह्याशी लगन करतानी नाई केला."

"केला होता," सर म्हणाले. "पाच वर्साचं काम वाटलं होतं. चाळीस झाले, अजून पहिलंच पान चालू आहे."

"पहिलं पान म्हने! माहा तर पुठ्ठा फाटला."

पियानोवरची अवघड रचना शिकायला घेण्याआधी ते जे करायचे, ते मात्र मी दुसऱ्या कुठल्याच शिक्षकाला करताना पाहिलं नाही. मी स्वतः पंचवीस वर्षं शिकवतो आहे, रसायनशास्त्र, कनिष्ठ महाविद्यालयात. धडा समोर आला की आम्ही सुरुवात करतो. सर सुरुवात करत नसत. त्यांच्या भाषेत रचनेला 'पीस' म्हणायचं. नवा पीस आला की तो आठ दिवस पियानोवर ठेवायला बंदी. सर खाटेवर बसून, भिंग घेऊन तो वाचायचे आणि शेवटच्या पानापासून उलटं वाचायचे.

"पहिलं पान सगळ्यायलेच येते," ते म्हणायचे. "लोक पहिलं पान वाजवून पाह्यतात अन् म्हनतात, जमते आपल्याले. मंग सातव्या पानावर रडतात. पूल कुठीसा अरुंद आहे थे आधी पाहा ना. बाकी रस्त्याच्या रुंदीले काय चाटता?"

लाल आणि निळी अशी दोन टोकांची पेन्सिल असायची. हात जिथे पोचणारच नाही तिथे लाल. हात पोचेल पण वेळ पुरणार नाही, तिथे निळी. सुरांच्या ठिपक्यांनी काळ्या झालेल्या ओळींवर मात्र ते काहीच खूण करत नसत. मला याचं नवल वाटायचं, कारण मला तर तेच सगळ्यात कठीण दिसायचं. मी विचारलं तर म्हणाले, "काळ्या पानाले भेऊ नका, राऊत सर. काळं म्हंजे नुसते भरभर सूर. बोटं शिकतात, मुंग्यायसारखे. पांढऱ्या पानाले भेवा. तठी चारच सूर असतात अन् चारीच्या चारी आयकू येतात."

मग त्या रचनेतल्या सगळ्यात वाईट चार ओळी ते वेगळ्या कागदावर उतरवायचे आणि मुलाला द्यायचे. आठ दिवस फक्त तेवढंच वाजवायचं, अर्ध्या वेगानं. आठव्या दिवशी सर ऐकायचे. पहिल्या दिवसापेक्षा किती पुढे सरकलं, यावरून ते दिवस काढायचे. शिवाय ती अवघड जागा कितव्या पानावर आहे तेही धरायचे. दुसऱ्या पानावरची आणि नवव्या पानावरची अडचण त्यांच्या लेखी एक नव्हती. तेच पोतं चौथ्या माळ्यावर न्यायचं असेल तर जड होतं, असं त्यांचं म्हणणं.

"हा पीस कठीण आहे का?" असं कोणी विचारलं की ते उलट विचारायचे, "कोनाले?"

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून शीतल राठोड नावाची मुलगी जीपनं यायची. आईबाप ऊसतोडीला गेले की ती मावशीकडे राहायची. तिला एक रचना फार आवडायची, पण पान उघडलं की इतकं काळं दिसायचं की एकदा ती खरंच रडली. सरांनी आठ दिवस घेतले आणि लिहून दिलं : 'अठरा दिवस. यात काही नाही. भीती सोडून.' शीतलनं ती सतराव्या दिवशी वाजवली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र दोन दिवस अस्वस्थ होते. चूक झाली होती, एका दिवसाची. शेवटी त्यांनी शोधून काढलं की मध्ये एका रविवारी जीपवाला आलाच नव्हता आणि पोरगी दिवसभर मावशीच्या ओट्यावर खडूनं पट्ट्या काढून सराव करत बसली होती. "तरीच," म्हणाले आणि मग पोटभर जेवले.

हे लिहून देणं महत्त्वाचं. सर अंदाज कधी तोंडी सांगत नसत. एका कागदावर लिहून, घडी घालून द्यायचे. 'माझ्यासमोर वाचू नका. घरी जाऊन, जेवून वाचजा' असं बजावायचे. उपाशी माणूस चुकीचा निर्णय घेतो, असं त्यांचं मत होतं. कागदाच्या शेवटी एक ओळ ठरलेली : 'ठरवणं तुमचं. ठरल्यावर मी काही बोलणार नाही.' आणि ते खरंच बोलत नसत. त्यांनी नको म्हटलेली रचना एखाद्यानं घेतलीच, तर ती ते तितक्याच मन लावून शिकवायचे. चेहऱ्यावर, आवाजात, कुठेही 'मी सांगितलं होतं' येत नसे. गावातल्या एका डॉक्टरांच्या मुलाला त्यांनी दोन वर्षांचा अंदाज लिहून दिला होता. डॉक्टर रागावले, म्हणाले माझा मुलगा सहा महिन्यांत करेल. सरांनी सहा महिने रोज तासभर त्या मुलाला शिकवलं. झालं नाही, आणि डॉक्टरांनीच मुलाला काढून घेतलं. मी सरांना विचारलं, एकदाही टोकलं कसं नाही तुम्ही?

"चढनाऱ्याले खालून वरडू नये," सर म्हणाले. "त्याचा पाय घसरते."

मला तेव्हा हे फार मोठं वाटलं होतं. आता वाटतं, याच सवयीनं माझं खोटं इतके दिवस झाकलं गेलं. म्हणजे दोष त्यांच्या चांगुलपणाचा का? नाही. पण विचार करायला बसलो की मी दर वेळी इथे येऊन अडकतो.

मयूरी बारावी झाल्यावर पुण्याच्या एका संगीत महाविद्यालयात जाणार होती. निदान तसं आमच्या घरात ठरलं होतं. प्रवेशासाठी एक रचना वाजवून दाखवायची होती. त्यांनी रचनांची यादी पाठवली, तीन गटांत. मी पहिल्यापासून परीक्षांचा माणूस. तिसरा गट म्हणजे सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात जास्त गुण, असं मी धरून चाललो. त्यातली अकरा पानांची एक रचना मीच निवडली आणि स्टाफरूममध्ये सांगूनही टाकली. मयूरीला ती आवडत होती का? मी विचारल्याचं आठवत नाही. ती हो म्हणाली एवढं आठवतं.

सरांनी रचना घेतली. आठ दिवस वाचली, आठ दिवस तिच्याकडून चार ओळी वाजवून घेतल्या. कागद तयार झाला त्या दिवशी मयूरीची प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून तो आणायला मी गेलो. सर म्हणाले, "मयूरीबाईले द्या. जेवल्यावर."

मी तो बसस्टँडवर, चहाच्या टपरीपाशी उभा राहून वाचला. उपाशीच होतो. त्यातले शब्द मला पाठ आहेत.

'कु. मयूरी. पान सात, दुसरी ते चौथी ओळ, लाल. डाव्या हातात सा पासून वरच्या सप्तकातला ग धरायचा आहे. हात लहान आहे, ताणून धरते, अंगठा वळतो. पान नऊवर हीच जागा परत आहे, थकल्यावर. आठ दिवसांत वेग वाढला नाही. मनगट दुखते का, विचारावे. माझा अंदाज चौदा महिने. हाताशी पाच. यादीतील दुसऱ्या गटात पाच पानांची एक रचना आहे, पांढरी आहे, लोक सोपी समजतात. सोपी नाही. पण ती हिची आहे. तीन महिने. ठरवणं तुमचं. ठरल्यावर मी काही बोलणार नाही.'

मला राग आला. कशाचा आला ते सांगायला हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. 'हात लहान आहे' याचा आला, दुसऱ्या गटाचा आला. आणि त्याखाली अजून एक गोष्ट होती. इतकी वर्षं मी त्यांना सर म्हणत आलो, त्यांच्याकडचं पाणी प्यालो, चहा प्यालो. पण त्या टपरीपाशी एका क्षणात ते मला आसेगावचे एक बँडवाले वाटले. पुण्याच्या मोठ्या लोकांनी काढलेल्या यादीतलं यांना काय कळणार, असं माझ्या मनात आलं. मोठ्यानं म्हणालो नाही. पण आलं.

कागद मी माझ्या रसायनशास्त्राच्या एका जाड पुस्तकात ठेवला. मयूरी परीक्षेहून आली, ताटावर बसली आणि विचारलं, "सरांनी काय लिहिलंय?"

"जमेल म्हणतात," मी म्हणालो. "मेहनत कर."

"कागद कुठाय?"

"तोंडीच सांगितलं."

तिला हे विचित्र वाटलं असणार, कारण सर तोंडी सांगत नाहीत हे तिला माहीत होतं. ती माझ्याकडे जराशी पाहत राहिली. मग एकदम हसली. सरांनी आपल्यासाठी रीत मोडली, असं तिला वाटलं असावं.

पाच महिने ती त्या अकरा पानांशी झगडत होती. सर शिकवत होते आणि काही बोलत नव्हते. मी कधीकधी मुद्दाम तिथे जाऊन बसायचो. सरांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचो. ते इतक्या मनापासून शिकवत होते की हळूहळू मलाच वाटायला लागलं, त्यांचं मत बदललं असेल. कागद लिहिताना त्यांचा अंदाज चुकला असेल. माझं खोटं कदाचित खोटं नसेलच. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो.

एकदा मात्र सरांनी त्यांची रीत मोडली. मयूरी सातव्या पानावर होती. सरांनी तिला ते ताणलेले सूर एकदम न धरता एकामागून एक सोडायला सांगितले, म्हणजे हाताला आराम पडेल. ती ते करत असताना सर उठून माझ्याजवळ आले. खाली बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "राऊत सर, विचारू नाई, पन विचारतो. बाईनं कागद वाचला ना?"

त्या वेळी मला सांगता आलं असतं. अजून दोन महिने होते. पाच पानांची रचना त्यात झाली नसती कदाचित. किंवा झाली असती. मी म्हणालो, "हो."

"मंग ठीक आहे," सर म्हणाले. "हिंमतवाली आहे पोरगी." आणि परत जाऊन शिकवायला लागले.

पुण्याला मयूरीनं सातवं पान पार केलं. मी दाराबाहेरून ऐकत होतो आणि मला वाटलं, झालं. नवव्या पानावर डावा हात थांबला. तिनं मागच्या ओळीपासून परत सुरुवात केली, परत तिथेच थांबला. आतून एका बाईंचा आवाज आला, मायेचा होता : "राहू दे बेटा. हाताला विश्रांती दे." ती बाहेर आली तेव्हा मनगट दुसऱ्या हातात धरलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये, मेहकर मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाबा, सरांना कसं हो दिसलं नाही? शीतलचं तर फक्त एका दिवसानं चुकलं. माझं काहीच कसं दिसलं नाही?"

मी कंडक्टरला विचारलं, गाडी मंगरूळपीरला किती वाजता पोचेल.

हाडांच्या डॉक्टरांनी दीड महिना हात बंद ठेवायला सांगितला. तो बरा झाला. पण मयूरी सरांकडे परत गेली नाही. सरांनी निरोप पाठवला, "एकदा ये बाई, चहा प्याले ये." गेली नाही. तिच्या लेखी सर चुकले होते. सरांच्या लेखी तिनं त्यांचा कागद वाचून, स्वतःच्या मर्जीनं अवघड वाट धरली होती आणि आता ती का रुसली, हे त्यांना कळत नव्हतं. दोघंही एकमेकांना चुकीचं समजत होते आणि दोघांच्या मध्ये मी होतो, सगळं माहीत असलेला एकटा. सगळं माहीत असूनही मलाच सगळ्यात कमी उमगत होतं.

मयूरी मैत्रिणींशी बोलली असेल, "सरांना अंदाज येत नाही" असं. लहान गावात एवढं पुरतं. दोन मुलींनी शिकवणी सोडली. कामरगावच्या एक बाई त्यांच्या मुलाला सरांकडे घालायच्या विचारात होत्या. त्यांनी मला थांबवून विचारलं, "तुमच्या मुलीचं झालं म्हणून विचारते. मास्तरांचं पाहून सांगणं कसं आहे?"

मी म्हणालो, "माणूस चांगला आहे."

यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मयूरी अमरावतीला बी.एस्सी.ला गेली. वर्ष उलटलं. मी सरांच्या गल्लीनं जाणं टाळू लागलो. मग एका सकाळी भाजीबाजारात मेथीच्या ढिगापाशी सर समोरच आले. वाकले होते थोडे. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "राऊत सर, बरं झालं भेटले. एक गोष्ट सांगा. थ्या कागदात माह्याकून काही वंगाळ लिहिलं गेलं काय?"

मी म्हणालो, "कशाबद्दल सर?"

"'हात लहान आहे' असं लिहाले नोतं पाह्यजे. पोरीच्या जिवाले लागलं असंन. मी थो पीस सालभरापासून पाहून राह्यलो. शेवटून पाह्यला, मधातून पाह्यला. चौदा महिने म्हटलं थे जास्त झालं का कमी झालं, काही समजून नाई राह्यलं. काहीतरी चुकलंच आपलं. उगाच का पोरगी येत नाई?"

"नाही हो सर, तसं काही..."

"म्हून आता मी देत नाई कोनाले कागद," सर म्हणाले. "ज्याले जे पाह्यजे थे वाजवा म्हनतो. शिकवतो आपला."

त्यांनी मेथीची जुडी उचलली. उलटीसुलटी केली नाही, देठ पाहिले नाहीत. पहिली हाताशी आली ती पिशवीत टाकली आणि गेले.

मी तिथेच उभा राहिलो. भाजीवाली म्हणाली, "काय पाह्यजे भाऊ?" मला काय पाहिजे होतं ते मला आठवेना.

मयूरी सुट्टीत आली तेव्हा मी तिला ते जाड पुस्तक दिलं. कागद आतच होता. तिनं तो उभ्यानं वाचला, मग बसून परत वाचला. मी जे सांगायचं होतं ते सांगितलं. मला वाटलं, ओरडेल, रडेल. तिनं डावा हात पुढे धरून बोटं ताणून पाहिली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"मी वाचूनही तेच घेतलं असतं का?" ती म्हणाली. मला विचारत होती का स्वतःला, कळलं नाही. "घेतलं असतं बहुतेक. नाहीतर ते पाच पानांचं घेतलं असतं. आता कसं कळणार बाबा? तुम्ही मला ते कळूच दिलं नाही."

"चल, आपण दोघं सरांकडे जाऊ," मी म्हणालो.

"मी जाईन माझी," ती म्हणाली. "मला माझं वेगळं सांगायचंय त्यांना. तुम्ही तुमचं सांगून या आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. सरांचं पुढचं दार उघडं होतं. ओट्यावर तीन मुलांच्या चपला होत्या. आत बाकावर मुलं बसली होती, त्यांच्याजवळ त्या कामरगावच्या बाई होत्या. म्हणजे माझ्या 'चांगला माणूस' नंतरही त्यांनी मुलाला आणलं होतं. पियानोचं पुढचं फळकुट काढून भिंतीशी टेकवलं होतं आणि सर आत डोकं घालून, किल्लीनं एकेक तार पिळत सूर लावत होते. पांढरा सदरा पाठीला चिकटलेला, पायात पॉलिश केलेले कॅनव्हासचे बूट. मला दिसत होती ती त्यांची पाठच. काकूंनी मला पाहिलं, आत यायची खूण केली आणि काही न विचारता बाकाच्या कडेला जागा करून दिली. मी बसलो नाही.

वाटेत मी वाक्यं जुळवत आलो होतो. परिस्थिती, गैरसमज, मुलीच्या भल्यासाठी, अशी बरीच होती. तिथे उभा राहिल्यावर त्यातलं एकही खरं वाटेना. मी अगदी हळू आवाजात म्हणालो, "सर, मी राऊत. तो कागद मयूरीनं वाचलाच नव्हता."

सरांनी एक तार छेडली, कान लावला, परत छेडली. मागे न वळता म्हणाले, "कोन? राऊत सर काय? जरा मोठ्यानं बोला बाप्पा, तार बोलून राह्यली."

मुलं माझ्याकडे बघत होती. बाई बघत होत्या. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सर, तुमचा कागद बरोबर होता. तो मी मयूरीला दिलाच नाही. 'जमेल' असं तुमच्या नावानं मी सांगितलं. तुम्ही मला विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो. तुमचं काही चुकलं नव्हतं सर. माझं चुकलं. मला माफ करा."